रेघ कुठे वाकते

फ्रिजवर चिकटवलाय तो कागद, दुधाच्या हिशेबाशेजारी.
काळ्या रेघांची जाळी, मधोमध एक ठिपका.
रोज सकाळी चष्मा लावून, उजवा डोळा तळहाताने झाकून
ठिपक्याकडे बघायचं
आणि स्वतःला खरं सांगायचं.

हे दुसरंच अवघड.
उजव्याच्या वेळी मी मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसलो.
पिकत काहीच नव्हतं, आत व्रण धरत होता.
मग डाव्याला बाथरूमच्या फरशीची सांध वाकडी दिसली,
तर मी गवंड्याला बोलावलं.
त्यानं लेव्हल टेकवली : काका, बुडबुडा मध्ये आहे.
मी वाद घातला.
चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन,
नेरूळचे सेक्टर ट्रेसिंगवर उतरवलेला हात,
सरळ म्हणजे काय ते मला याच्याकडून शिकायचं?

सीवूड्सच्या दवाखान्यात नफीसानं थेंब घातले.
बाहुल्या उमलल्या, सगळा रस्ता चुन्यासारखा पांढरा.
यंत्रावर हनुवटी टेकून हिरवी फुली बघितली
आणि पडद्यावर माझ्या डोळ्याचा छेद आला,
थरावर थर, रस्त्याचा काढतात तसा :
मुरूम, खडी, डांबर.
एका जागी डांबर फुगलेलं.
"खाली पाणी शिरलंय," डॉक्टर कामेरकर म्हणाल्या,
"नको तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटल्यात, त्या पाझरतात."
भरावाच्या जमिनीवर नोकरी केलेल्या माणसाला
हे दोनदा सांगावं लागत नाही.
"गेलेलं आणता येईलच असं नाही. आहे ते राखू.
यावेळी लवकर आलात."

इंजेक्शन डोळ्यात. हो, डोळ्यातच.
तपकिरी औषधानं पापण्या धुतात, चाप लावतात, वर बघा म्हणतात.
टोचत नाही. दाब येतो,
कुणी बाहेरून दाराला खांदा लावावा तसा.
मग संध्याकाळपर्यंत
नजरेच्या तळाशी एक काळा बुडबुडा डुलत राहतो.
हा काही मध्ये येत नाही.

बाकावर शेजारी इंदुमती वैती, चेंदणीच्या.
त्यांना काचबिंदू. डोळ्यामागची नस कडेकडेनं सुकत गेली.
"दुखलं असतं तर आले असते," म्हणतात,
"दर वर्षी चष्मा बदलला, दाब कुणी मोजलाच नाही."
त्यांना फळ्यावरचा आकडा दिसतो, पायातलं स्टूल दिसत नाही.
मला स्टूल दिसतं.
त्या आकडा वाचतात, मी स्टूल सरकवतो.
त्यांचा मुलगा आम्हाला हसतो.
त्याचाही दाब मोजून घ्या, मी सांगितलं, हे घराण्यात उतरतं.
हसायचा थांबला, पण रांगेत उभा राहिला.

चार इंजेक्शनं झाली.
आज डावीकडून सातवी रेघ
ठिपक्याखाली अजून वाकते, पण पूर्वीइतकी नाही.
त्या वाकणावर मला करावेचा बामा तांडेल आठवतो.
जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरलेला,
त्याच्या खाजणावरून माझी शाई गेलेली, शून्य दशांश दोन.
त्यानं बोट ठेवलं, चिखलाचं :
"रेग सरल हाय रं सायेब, पन पानी सरल नाय जात."
मी डाग ब्लेडनं खरवडून काढला होता.

पेन्सिलनं कागदावर तारीख टाकतो.
जिथे वाकते तिथे बारीक अक्षरात लिहितो : खाडी.
बायको विचारते, डॉक्टरांना हे कसं कळणार?
कळायचं नाही.
मंगळवारी पाचवं आहे.